पृथ्वीचे लहानपणीचे फोटो

शुक्रवारी सकाळी नऊला, मस्कतच्या वादी कबीरमध्ये
टायरच्या दुकानावरच्या खोलीत
आमचा मराठीचा वर्ग भरतो.
सहा मुलं, एक फळा, खोकणारा एसी.
आज जोडाक्षरं होती. 'पृथ्वी' लिहिली.
प-च्या पायाशी ऋकार लोंबला,
थ अर्धा होऊन व-ला चिकटला,
आणि शाल्मली म्हणाली,
ही लिहायलाच एवढी अवघड,
तर बनायला किती वेळ लागला?

जोडाक्षरं तिथेच राहिली.

आधी नुसती धूळ होती, म्हटलं,
वादळानंतर आपल्या गॅलरीत साचते तशी,
फक्त झाडणारं कुणी नव्हतं.
धूळ धुळीला चिकटली, खडा खड्याला,
मोठे खडे एकमेकांवर आपटत राहिले
आणि आपटून आपटून तापले.
किती? जुलैत दुपारी गाडीच्या पट्ट्याचं बक्कल
चटका देतं, तेवढे?
नाही रे झुबेर. बक्कल वितळेल. गाडी वितळेल.
पार्किंगसुद्धा.
पार्किंग वितळल्याचं सगळ्यांना फार आवडलं.

लोखंड जड, ते तळाशी बसलं.
वर साय धरली, दूध निवताना धरते तशी,
पण काळी. सुरकुतली, फाटली, बुडाली,
पुन्हा धरली.
शी, मला साय आवडत नाही, तन्मयी म्हणाली.
तुझं घर सायीवरच आहे.
तिने पाय खुर्चीवर घेतले.

मग मंगळाएवढा एक गोळा आला,
असं म्हणतात,
इंडिकेटर न देता,
आणि धाडकन धडकला.
उडाले त्या तुकड्यांचा चंद्र झाला.
दंड कुणाला झाला?
पोलीस अजून यायचे होते.

मग वाफ निवली आणि पाऊस लागला,
हजारो वर्षं.
यांनी पाऊस पाहिलाय वर्षातून तीनदा,
तेव्हा वादीला पूर येतो, आईच्या फोनवर मेसेज येतो,
शाळा बंद.
हजारो वर्षं सुट्टी!
मागच्या बाकावर कुणीतरी बोटं मोजू लागलं.

झुबेरने खिशातून काळपट हिरवा दगड काढला,
निझवाच्या रस्त्यावर, बाबा पंक्चर काढत होते तेव्हा उचललेला.
हा तेव्हाचा ना?
माझ्या व्हिसावर आता 'गृहिणी' आहे, पण त्याआधी
अकरा वर्षं मी दगडच वाचले.
हातात घेतला. ओळखीचा होता.
समुद्रतळाच्याही खालून, पार पोटातून वर आलेला,
साडेनऊ कोटी वर्षांचा.
पृथ्वी साडेचारशे कोटींची.
हा तर कालचा रे, म्हटलं, आणि म्हणायला नको होतं.
कमी मार्कांचा पेपर ठेवावा
तसा त्याने तो परत खिशात ठेवला.

मग तेव्हाचे कुठे गेले?
पृथ्वीने मळले. पुन्हा पुन्हा, कणीक मळावी तसे.
अगदी सुरुवातीचे उरलेत ते थोडे कण,
मिठाच्या दाण्याहून बारीक. तेही दूर, दुसऱ्या देशात.

ओजस सहसा बोलत नाही. तो म्हणाला,
मलाही माझं सुरुवातीचं आठवत नाही.
फोटो पण नाहीत,
आईचा फोन समुद्रात पडला.
एकच आहे, आमच्या जुन्या शेजारच्या काकूंकडे.

मी खडू खाली ठेवला.
अकरा वर्षांत हे मला असं सांगता आलं नव्हतं.
पृथ्वीचंही तसंच आहे, म्हटलं,
चंद्र तिचा शेजारी. तो काहीच मळत नाही, जपून ठेवतो.
आणि लांबचे नातेवाईक अधूनमधून येऊन पडतात
इथल्याच वाळवंटात, काळे, जळलेले,
पृथ्वीच्या जन्माच्या वेळचे.
झुबेरने खिसा पुन्हा चाचपला.

दहा वाजले. खाली हॉर्न सुरू झाले.
सगळे गेल्यावर ओजस दारात उभा.
चंद्राकडच्या फोटोत
पृथ्वी रडतेय का?
वितळतेय, म्हटलं.
म्हणजे रडतेय, तो म्हणाला,
आणि उलट्या पायांत चपला घालून
जिना उतरला.